जुन्या वस्तूची नवी विक्री : कोल्हापुरी चपलेच्या ऑनलाइन बाजारपेठेचा अभ्यास

गूळ, कुस्ती आणि साज यांच्याबरोबरच कोल्हापूरचे नाव देशोदेशी नेणारी वस्तू म्हणजे कोल्हापुरी चप्पल होय. शतकानुशतके हाताने बनत आलेली ही वस्तू आता संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही विकली जाते. शहरातील चप्पल लाईनमधील अनेक दुकानदारांनी, काही कारागिरांनी आणि बचत गटांनी गेल्या काही वर्षांत ऑनलाइन विक्रीस प्रारंभ केला. प्रारंभीचा उत्साह ओसरल्यावर मात्र अनेकांना एकच अनुभव येतो. पाहणारे पुष्कळ असतात, घेणारे थोडे असतात आणि घेतलेली चप्पल परत पाठविणारेही असतात. अशा वेळी तीच वस्तू नव्या नावाने, नव्या छायाचित्रांनिशी व नव्या जाहिरातीसह पुन्हा बाजारात आणण्याचा विचार पुढे येतो. या पुनर्प्रस्तुतीने विक्री खरोखर वाढावी यासाठी काय करावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा नाही. चपलेच्या प्रत्येक जोडामागे कातडे कमावणारा, तळ कापणारा, वेणी विणणारा आणि शिवण घालणारा असे अनेक हात असतात. वेणी व पट्ट्याचे नाजूक काम बहुधा घरातील स्त्रिया करतात. विक्री खुंटली तर प्रथम झळ पोचते ती या हातांना. आणि तरुण पिढीने एकदा ही कला सोडली की ती पुन्हा उभी करणे दुरापास्त होते. म्हणून शिक्षक, पंचायत सदस्य आणि क्षेत्रीय अधिकारी या सर्वांनीच या विषयाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

परंपरेचे भांडवल

कोल्हापुरी चपलेचे वैशिष्ट्य तिच्या कमावणीत आहे. बाभळीची साल व हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कातडे कमावले जाते. तळ जाड कातड्याच्या थरांचा असून तो खिळे न वापरता चामड्याच्याच वादीने शिवला जातो. अंगठा, पट्टा, दोन्ही बाजूंचे कान, वेणी आणि गोंडा ही तिची परिचित अंगे होत. कापशी, पुकरी, कचकडी, बक्कलनाळी असे तिचे अनेक प्रकार प्रसिद्ध आहेत. कापशी या प्रकाराचे नाव कागल तालुक्यातील गावाशी निगडित आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, या व्यवसायास राजाश्रय लाभला. १९७० च्या सुमारास पाश्चात्त्य देशांतील तरुणांमध्ये ही चप्पल लोकप्रिय झाली व तिची निर्यातही वाढली.

राज्यातील चर्मकार समाजाच्या आर्थिक उन्नतीसाठी १९७४ साली महामंडळ स्थापन करण्यात आले. आज ते संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ या नावाने ओळखले जाते. या महामंडळाने आणि कर्नाटकातील डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाच्या चर्मोद्योग विकास महामंडळाने मिळून केलेल्या प्रयत्नांमुळे २०१९ साली कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांत परंपरागत पद्धतीने बनलेल्या चपलेसच हे नाव लावता येते.

एवढे मोठे भांडवल गाठीशी असताना ऑनलाइन बाजारात ही वस्तू मागे का पडावी, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

प्रसिद्धी आणि विक्री यांतील अंतर

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी झालेल्या एका प्रदर्शनात प्राडा या प्रख्यात कंपनीने कोल्हापुरी चपलेशी हुबेहूब मिळतीजुळती पादत्राणे सादर केली. त्या वेळी भारताचा किंवा कोल्हापूरचा उल्लेख करण्यात आला नव्हता. या गोष्टीवर देशभर टीका झाली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीस पत्र पाठविले आणि त्याच्या उत्तरात कंपनीने भारतीय हस्तकलेपासून मिळालेली प्रेरणा मान्य केली. पुढे जुलै महिन्यात कंपनीच्या प्रतिनिधींनी कोल्हापुरास भेट देऊन कारागिरांचे काम प्रत्यक्ष पाहिले. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने उपरोक्त दोन्ही महामंडळांशी सामंजस्य करार केला. त्यानुसार दोन्ही राज्यांतील कारागिरांच्या सहभागाने सुमारे २,००० जोड तयार करण्याचे व त्यांची किंमत जोडामागे सुमारे ८०० युरो ठेवण्याचे जाहीर झाले.

या घटनेपासून दोन गोष्टी शिकता येतात. पहिली ही की, जुनी वस्तू जुनी म्हणून टाकाऊ ठरत नाही. योग्य रीतीने मांडली तर तीच वस्तू कितीतरी अधिक मोलाची ठरते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रसिद्धीमुळे लोक ‘कोल्हापुरी चप्पल’ हे शब्द शोधू लागतात, परंतु पडद्यावर त्यांच्यासमोर अस्सल आणि नकली अशा दोन्ही वस्तू एकाच ओळीत येतात. कृत्रिम चामड्याची, यंत्रावर चिकटविलेली चप्पल स्वस्त असते आणि छायाचित्रात तितकीच सुबकही दिसते. ग्राहकास फरक कळला नाही तर कारागिरांच्या नावावर आलेली मागणी नकली मालाच्या पदरात पडते. म्हणजेच प्रसिद्धी ही पावसासारखी आहे. ज्याचे शेत तयार असेल त्यालाच तिचा उपयोग होतो.

प्रथम निदान, मग उपचार

पुनर्प्रस्तुती करताना बहुतेक विक्रेते प्रथम जाहिरातीचा खर्च वाढवितात. वस्तुतः जी वस्तू आधीच बाजारात होती, तिच्याविषयी ग्राहकांनी आपले मत दिलेले असते. कोणी वस्तू पाहून निघून गेलेला असतो, कोणी प्रश्न विचारून थांबलेला असतो, तर कोणी चप्पल परत पाठविलेली असते. नव्या वस्तूच्या बाबतीत ही माहिती उपलब्ध नसते. जुन्या वस्तूचा हाच मोठा लाभ होय, आणि तोच बहुधा वाया जातो.

एका काल्पनिक उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. समजा, एका विक्रेत्याच्या पानास महिन्यात १,००० लोकांनी भेट दिली. त्यांपैकी २० जणांनी मागणी नोंदविली व ६ जणांनी चप्पल परत केली. म्हणजे प्रत्यक्ष विक्री १४ जोडांची झाली. आता जाहिरातीवर खर्च करून भेट देणाऱ्यांची संख्या २,००० वर नेली आणि बाकी सर्व तसेच ठेवले, तर ४० मागण्या येतील, १२ जोड परत येतील व विक्री २८ जोडांची होईल. पाठविण्याचा व परत आणण्याचा मिळून जोडामागे ३०० रुपये खर्च धरला तर परताव्यापोटीच ३,६०० रुपये जातील. जाहिरातीचा खर्च वेगळाच.

याउलट, भेट देणारे १,००० च राहिले, परंतु माप व माहिती यांतील दोष दूर केल्यामुळे मागण्या ३० झाल्या आणि परतावा ३ जोडांवर आला, तर विक्री २७ जोडांची होते. जाहिरातीचा खर्च न करता जवळजवळ तेवढीच विक्री साधते आणि परताव्याचा भुर्दंड ९०० रुपयांवर येतो. म्हणून आधी गळती थांबवावी व मगच पाणी वाढवावे, हे शेतकऱ्यास ठाऊक असलेले तत्त्व येथेही लागू पडते.

निदानासाठी मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. एका साध्या वहीत मागील सहा महिन्यांतील प्रत्येक परताव्याचे कारण, ग्राहकांनी वारंवार विचारलेले प्रश्न आणि अर्धवट सोडलेल्या मागण्या यांची नोंद करावी. एकाच प्रकारची तक्रार पुनःपुन्हा आढळली तर तेथेच दुरुस्तीचा आरंभ करावा.

पहिली दुरुस्ती : माप

पादत्राणांच्या ऑनलाइन विक्रीत मापाचा प्रश्न सर्वांत कठीण असतो. दुकानात ग्राहक चप्पल घालून दोन पावले चालून पाहतो; पडद्यावर ती सोय नाही. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले चामडे प्रारंभी ताठर असते आणि वापराने ते सैलावून पायाचा आकार घेते. जाणकार ग्राहक म्हणूनच नवी चप्पल किंचित घट्ट घेतो. ज्यास हे ठाऊक नाही तो ग्राहक ‘चप्पल चावते’ म्हणून पहिल्याच दिवशी ती परत पाठवितो. वस्तूत दोष नसतो. दोष माहितीच्या अभावाचा असतो.

यावर उपाय सोपे आहेत. केवळ सात, आठ, नऊ असे क्रमांक देण्याऐवजी पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्यावी. कागदावर पाय ठेवून टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंतचे अंतर कसे मोजावे, हे चित्राने दाखवावे. पाय रुंद असल्यास कोणता प्रकार घ्यावा, हे सांगावे. चप्पल पायास बसण्यास काही दिवस लागतात व आतील बाजूस थोडे तेल लावल्यास चामडे लवकर मऊ होते, ही सूचना खरेदीच्या आधी वाचावयास मिळाली पाहिजे. पेटीतील चिठ्ठीत ती नंतर सापडून उपयोग नाही. एकाच मापाच्या सर्व जोडांची लांबी खरोखर सारखी आहे ना, याची तपासणी पाठविण्यापूर्वी करावी. हातकामात थोडा फरक राहणे स्वाभाविक असले, तरी मापातील फरक ग्राहक खपवून घेत नाही.

या बाबतीत सीमेपलीकडील अथणीचे उदाहरण बोधप्रद आहे. बेळगाव जिल्ह्यातील अथणी हे कोल्हापुरी चपलेचे जुने केंद्र होय. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील कारागिरांचे व स्त्रियांचे बचत गट एकत्र येऊन टोहोल्ड या नावाने उभे राहिले. एका विकास संस्थेच्या साहाय्याने त्यांनी आकृतिबंध, माप व दर्जा यांवर लक्ष केंद्रित केले आणि आपला माल परदेशी बाजारापर्यंत पोचविला. तेथील कारागिरांची कला जुनीच होती. नवी होती ती शिस्त.

दुसरी दुरुस्ती : अस्सलपणाचा पुरावा

ऑनलाइन ग्राहकाच्या मनातील दुसरी शंका अशी की, ही चप्पल खरोखर कोल्हापुरी आहे काय? ‘शंभर टक्के अस्सल’ असे मोठ्या अक्षरांत लिहिल्याने ही शंका फिटत नाही. कारण नकली माल विकणाराही तेच लिहितो. येथे भौगोलिक मानांकनाचा उपयोग होतो. तथापि एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. मानांकन मिळाले म्हणजे जिल्ह्यातील प्रत्येकास ते आपोआप वापरता येते असे नाही. भौगोलिक मानांकनाविषयीचा १९९९ चा कायदा २००३ साली अंमलात आला. त्यातील तरतुदींनुसार उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी करून घ्यावी लागते. अनेक छोट्या कारागिरांना या नोंदणीची माहिती नसते, आणि माहिती असली तरी कागदपत्रांची जुळवाजुळव त्यांना अवघड वाटते. तेथे मार्गदर्शनाची आवश्यकता आहे.

महामंडळाने चपलेसाठी क्यूआर कोडचीही योजना केली आहे. भ्रमणध्वनीने हा कोड वाचला असता चप्पल बनविणाऱ्या कारागिराची अथवा गटाची माहिती, जिल्हा, वापरलेले साहित्य व पद्धत ग्राहकास कळू शकते. पुनर्प्रस्तुतीच्या वेळी हा कोड केवळ पेटीवर चिकटवून थांबू नये. विक्रीच्या पानावरील छायाचित्रांतही तो दाखवावा आणि तो कसा वाचावयाचा हे दोन ओळींत सांगावे.

अस्सलपणाचा आणखी एक पुरावा म्हणजे खुद्द कामाचे दर्शन होय. तळावरील वादीची शिवण जवळून दाखविणारे छायाचित्र, कडेने दिसणारे कातड्याचे थर, रापीने तळ कापणारे हात, वेणी विणणाऱ्या बोटांची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत यांतून जे सिद्ध होते, ते विशेषणांनी होत नाही. कारागिराचे छायाचित्र अथवा नाव वापरावयाचे असेल तर त्याची संमती घेणे आणि त्याचा मोबदला ठरविणे हेही सौजन्याचे व न्यायाचे आहे.

छायाचित्रे घेताना रंगाविषयी दक्षता घ्यावी. तेलाने व उन्हाने नैसर्गिक चामड्याचा रंग पालटतो. छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे व रंगछटेत फरक पडू शकतो, हे स्पष्ट लिहावे. नवीन चामड्यास काही दिवस विशिष्ट वास येतो, पावसात ही चप्पल वापरू नये, ओली झाल्यास ती कडक उन्हाऐवजी सावलीत वाळवावी, या गोष्टी लपवून ठेवण्यात लाभ नाही. मर्यादा आधी सांगणाऱ्या विक्रेत्यावर ग्राहक अधिक विश्वास ठेवतो.

तिसरी दुरुस्ती : किंमत

विक्री मंदावली की किंमत उतरविण्याचा मोह होतो. परंतु हाताने बनलेल्या वस्तूची स्पर्धा यंत्राच्या वस्तूशी किमतीच्या बाबतीत होऊच शकत नाही. किंमत उतरविली की कपात होते ती कारागिराच्या मजुरीत, आणि मजुरी घटली की शिवण विरळ होते. अखेरीस नाव बुडते. म्हणून किंमत कमी करण्यापूर्वी ती कशाची आहे, हे ग्राहकास समजावून सांगावे.

किंमत ठरविताना चामडे, मजुरी, पेटी, टपाल, ऑनलाइन मंचाची दलाली, परताव्याचा संभाव्य खर्च आणि वस्तू व सेवा कर या सर्वांचा हिशोब मांडावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडामागे २,५०० रुपयांपर्यंत किमतीच्या पादत्राणांवरील कर ५ टक्क्यांवर आणण्यात आला. त्यापूर्वी १,००० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर १२ टक्के व त्याहून अधिक किमतीच्या पादत्राणांवर १८ टक्के कर होता. जुन्या पानांवर जुन्याच दराने लावलेल्या किमती राहून गेल्या असतील तर त्या दुरुस्त करणे हे पुनर्प्रस्तुतीचे पहिले काम ठरते.

ज्यांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपेक्षा कमी आहे, त्यांच्यासाठी आणखी एक सवलत आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा छोट्या उत्पादकांना काही अटींवर, वस्तू व सेवा कराची पूर्ण नोंदणी न करता केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन मंचावरून राज्यांतर्गत विक्री करता येते. परराज्यात माल पाठवावयाचा असेल तर मात्र ही सवलत लागू होत नाही. ज्या बचत गटास प्रथम मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांतील ग्राहकांवरच लक्ष द्यावयाचे आहे, त्याला ही तरतूद उपयुक्त आहे.

जुना ग्राहक हाच पहिला प्रचारक

नवा ग्राहक मिळविण्यापेक्षा जुन्या ग्राहकास पुन्हा बोलाविणे अल्प खर्चाचे असते. ज्याने दोन वर्षांपूर्वी चप्पल घेतली व जो समाधानी आहे, त्यास नव्या मापपत्रकाची, नव्या रंगाची अथवा दुरुस्तीच्या सोयीची माहिती प्रथम द्यावी. मात्र ज्यांनी संमती दिली असेल त्यांनाच संदेश पाठवावेत, आणि ते वारंवार पाठवू नयेत. ज्यांनी पूर्वी तक्रार केली होती त्यांनाही ‘आपण सांगितलेली अडचण दूर केली आहे’ असे कळविल्यास अनेकदा तेच पुन्हा गिऱ्हाईक होतात. दुकानात येणाऱ्या पर्यटकांचा पत्ता व मापही त्यांच्या इच्छेने नोंदवून ठेवावे. अंबाबाईच्या दर्शनास येणारा यात्रेकरू एक जोड घेऊन जातो. दुसरा जोड त्यास घरबसल्या मागविता आला पाहिजे.

ग्राहकांचे अभिप्राय ही ऑनलाइन बाजारातील मोठी पुंजी होय. परंतु ती खरी असावी लागते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. सदोष वस्तू, अथवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते व तिचे निवारण एका महिन्याच्या आत करावे लागते. या नियमांकडे ओझे म्हणून पाहू नये. जो विक्रेता ते काटेकोर पाळतो, त्याचे ते जाहिरातीविना होणारे नाव असते.

प्रतिकूल अभिप्रायास उत्तर देताना वाद घालू नये. नेमके काय झाले व त्यावर काय केले, हे दोन वाक्यांत लिहावे. पुढील शंभर ग्राहक ते उत्तर वाचणार असतात.

वेळ, साठा आणि वचन

पुनर्प्रस्तुतीचा मुहूर्त वस्तूच्या स्वभावाशी जुळणारा असावा. कोल्हापुरी चप्पल ही कोरड्या ऋतूची वस्तू आहे. पावसाळ्यात कातडे वाळविणे कठीण होते, साठ्यास बुरशी लागण्याचे भय असते आणि ग्राहकही ती घेत नाही. पावसाळ्याचे महिने वहीतील नोंदींचा अभ्यास, छायाचित्रे, मापपत्रक व नोंदणीची कामे यांसाठी वापरावेत आणि दसरा, दिवाळी व लग्नसराई या काळात विक्रीस आरंभ करावा. असे केल्याने हाताशी पुरेसा साठाही राहतो.

साठ्याचा विचार फार महत्त्वाचा आहे. हातकामाचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढविता येत नाही. जाहिरात यशस्वी झाली, मागण्या आल्या आणि माल वेळेवर पोचला नाही, तर ती पुनर्प्रस्तुती अपयशापेक्षाही महाग पडते. अशा वेळी बाहेरून तयार माल आणून आपल्या नावाने पाठविण्याचा मोह होतो आणि तेथेच विश्वासास तडा जातो. तयार साठा किती व मागणीनुसार बनविण्यास किती दिवस लागतील, हे पानावर प्रामाणिकपणे लिहावे. थोडे थांबावे लागले तरी हाताने बनणाऱ्या वस्तूसाठी ग्राहक थांबतो, पण त्याला ते आधी कळले पाहिजे.

याच कारणाने ‘केवळ दोनच जोड शिल्लक’, ‘सवलत एका तासात संपणार’ अशा खोट्या घाईच्या युक्त्या टाळाव्यात. ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या अशा १३ प्रकारच्या क्लृप्त्यांविरुद्ध केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या आहेत. खोटी घाई व शेवटच्या क्षणी वाढविलेली किंमत यांचा त्यांत समावेश आहे.

आरंभ लहान प्रमाणात करावा. एक-दोन प्रकार व मोजकी मापे घेऊन शे-पन्नास जोडांची विक्री करावी, परताव्याची कारणे पुन्हा तपासावीत आणि मगच सर्व प्रकार पानावर आणावेत. ज्या सुधारणेचा परिणाम जाणून घ्यावयाचा आहे, ती एका वेळी एकच करावी. माप, किंमत व छायाचित्रे ही तिन्ही एकदम बदलली तर विक्री कशामुळे वाढली अथवा घटली, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

कोणी काय करावे

या कार्यात ग्रामपंचायतींना निश्चित स्थान आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत ज्या १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे, त्यांत पादत्राणे बनविणाऱ्या कारागिरांचाही अंतर्भाव होतो. योजनेत कौशल्य प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज आणि विपणनासाठी मदत अशी तरतूद आहे. ग्रामीण भागातील अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या स्तरावर होते. ती विलंबाने झाली तर कारागिराचा हंगाम हातचा जातो, हे पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवावे.

शिक्षकांचे साहाय्यही मोलाचे ठरेल. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषांत वस्तूचे अचूक वर्णन लिहून देऊ शकतात. गणिताच्या तासाला परताव्याची टक्केवारी काढता येईल, तर कार्यानुभवाच्या तासाला मापपत्रक तयार करता येईल. कारागिरांच्या मुलांना आपल्या घरची कला हा अभ्यासाचा विषय आहे असे जाणवले, तर त्या कलेकडे पाहण्याची त्यांची दृष्टीही बदलेल.

अधिकाऱ्यांनी प्रशिक्षण वर्ग घेताना केवळ खाते कसे उघडावे एवढेच शिकवून थांबू नये. परताव्याची नोंद, हिशोब, अधिकृत वापरकर्त्याची नोंदणी आणि तक्रारीस उत्तर देण्याची पद्धत यांचाही अभ्यासक्रमात समावेश करावा. परदेशी ग्राहकांसाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे आहेत. त्यांची माहिती चप्पल लाईनमधील दुकानदारांबरोबरच सुभाषनगरसारख्या वस्त्यांतील कारागिरांपर्यंतही पोचली पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

पुनर्प्रस्तुतीपूर्वी प्रत्येक गटाने पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी काढावीत.

१. मागील सहा महिन्यांत किती जोड परत आले व प्रत्येकाचे कारण कोणते?
२. माप सेंटिमीटरमध्ये दिले आहे काय, व एकाच मापाचे सर्व जोड सारखे आहेत काय?
३. चप्पल अस्सल असल्याचा कोणता पुरावा पानावर दिसतो?
४. किमतीत कारागिराची मजुरी किती, आणि सध्याचा कर योग्य दराने धरला आहे काय?
५. जुन्या ग्राहकांना बदलांची माहिती दिली आहे काय?
६. शंभर मागण्या एकदम आल्या तर त्या किती दिवसांत पुऱ्या करता येतील?

या सहा प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यानंतरच जाहिरातीवर खर्च करणे श्रेयस्कर ठरेल.

समारोप

जुन्या वस्तूची पुनर्प्रस्तुती म्हणजे जुन्या घराला रंग देणे नव्हे. ज्या ठिकाणी घर गळत होते ती जागा शोधून दुरुस्त करणे होय. कोल्हापुरी चपलेस नाव आहे, इतिहास आहे, कायद्याचे संरक्षण आहे आणि आता जगाचे लक्षही तिच्याकडे वेधले गेले आहे. उणीव आहे ती दूरच्या ग्राहकाच्या शंकांना सरळ उत्तर देण्याची. माप नेमके असावे, पुरावा उघड असावा, किंमत न्याय्य असावी आणि दिलेला शब्द पाळावा, एवढ्या चार गोष्टी साधल्या तर पडद्यावरची विक्रीही चप्पल लाईनमधील विक्रीइतकीच भरवशाची होईल, आणि तिचा लाभ वेणी विणणाऱ्या हातांपर्यंत पोचेल.